आधी पेटत्या चुली मोजा

प्रति,
मा. मुख्य कार्यकारी अधिकारी,
जिल्हा परिषद, वाशिम.

महोदय,


पावसाळा सरत आला की पंचायत समितीकडून गावात निरोप येतो. यंदा बायोगॅसचं एवढं उद्दिष्ट आलं आहे, कुणाला बांधायचा असेल तर सातबारा, आधार, पासबुक घेऊन या. ग्रामपंचायतीच्या फळ्यावर कागद लागतो. केंद्राच्या राष्ट्रीय जैवऊर्जा कार्यक्रमातून टाकीच्या आकाराप्रमाणे ९,८०० रुपयांपासून ७०,४०० रुपयांपर्यंत मदत, आणि संडास जोडला तर वर १,६०० रुपये. अर्ज भरले जातात, खड्डे खणले जातात, लाभार्थ्याला टाकीपुढे उभं करून फोटो निघतो आणि फाइल पुढे सरकते.

मी मालेगाव तालुक्यातली शेतकरीण. आपल्या वाशिमच्या मालेगावची, नाशिकवाल्यांच्या नव्हे. आमच्या घरी बरीच वर्षं गोबरगॅसवर स्वयंपाक होतो, त्यामुळे योजनेच्या विरोधात लिहायला मी बसलेली नाही. माझं म्हणणं क्रमाबद्दल आहे. नवीन टाक्यांचं उद्दिष्ट गावोगाव वाटण्याआधी, आजवर जिल्ह्यात बांधलेल्या टाक्यांपैकी किती घरांत आज सकाळी त्या गॅसवर चहा उकळला, ते एकदा मोजून घ्या. राष्ट्रीय बायोगॅस विकास प्रकल्प १९८१-८२ साली सुरू झाला. म्हणजे चाळीस वर्षांहून अधिक काळ देशात टाक्या बांधल्या जात आहेत. आपल्या भागातलं जुनं कुठलंही गाव फिरून बघा. कुणाच्या गोठ्यामागे घुमटावर तुराट्यांचा भारा रचलेला असतो, कुणाच्या स्लरीच्या खड्ड्यात कोंबड्या अंडी घालतात. एका ठिकाणी तर लोखंडी ड्रम उलटा करून त्याचा जनावरांना पाणी पाजायचा हौद केलेला मी पाहिला. कागदावर ही सगळी संयंत्रं उभीच असतात.

ती का पडतात, हे कळायला रोजचं काम काय असतं ते बघावं लागेल.

दोन घनमीटरची टाकी लहान कुटुंबाला पुरते. तिला रोज पन्नास किलोच्या आसपास ताजं शेण लागतं, म्हणजे दावणीला चार-पाच मोठी जनावरं हवीत आणि ती दिवसाचा बराच वेळ दावणीलाच हवीत. रानात चरायला गेलेल्या गाईचं निम्मं शेण रानातच पडतं. किलोभर शेणापासून साधारण चाळीस लिटर गॅस निघतो. त्यात ५५ ते ६५ टक्के मिथेन, बाकी बहुतेक कार्बन डायऑक्साइड आणि नाकाला लगेच कळेल एवढा हायड्रोजन सल्फाइड. रोज दोन घनमीटर मिळाला तर महिन्याकाठी पंचवीस-सव्वीस किलो एलपीजीचं काम होतं. १४.२ किलोच्या टाकीच्या हिशेबाने पावणेदोन सिलिंडर. सिलिंडर आणायला ज्यांना तालुक्याच्या गावी जावं लागतं, त्यांना या आकड्याची किंमत सांगायला नको.

पण हा आकडा आपोआप येत नाही. सकाळी शेण गोळा करून कुंडात टाकायचं, तेवढंच पाणी ओतायचं आणि हाताने कालवायचं. हातानेच, कारण त्यातल्या काड्या, कुटार, सुतळीचे धागे वेचून बाहेर टाकायचे असतात. ते आत गेले तर वर तरंगतात, त्यांची जाड साय धरते आणि खालच्या गॅसला वर यायला वाट उरत नाही. खडे आणि माती आत गेली तर तळाशी बसते आणि टाकीचं पोट वर्षागणिक लहान होत जातं. गॅसबरोबर वाफही येते. नळीला जिथे झोल असेल तिथे तिचं पाणी साठतं आणि ज्योत भकभक करून विझते. नवखा माणूस म्हणतो, गॅस संपला. नळी शेगडीपासून सोडून पाणी झटकलं की पुन्हा निळी ज्योत लागते. एवढंसं ज्ञान ज्याला कुणी दिलं नाही, त्याची टाकी पहिल्याच हिवाळ्यात बंद पडते, आणि गावभर होतं की गोबरगॅस काही खरा नाही.

हे सगळं कोण करतं? सातबारा त्याचा, अनुदान त्याच्या खात्यात, फोटोतही तोच. शेणकाला मात्र तिच्या हातचा. म्हणून प्रशिक्षणाचा एखादा दिवस तालुक्याच्या सभागृहात पुरुषांना बसवून उरकण्यात अर्थ नाही. तो गोठ्यात, बायकांसमोर, कुंडात हात घालून व्हायला हवा. शिकवायला जाणती बाईच असली तर फारच बरं. रिसोड तालुक्यात करड्याला कृषी विज्ञान केंद्र आहे, अकोल्याला डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठात अपारंपरिक ऊर्जेचा स्वतंत्र विभाग आहे. माणसं लांबून आणायची गरज नाही.

पाण्याचं बोलायचं तर आपल्या जिल्ह्यात उन्हाळ्यात जिथे प्यायचं पाणी टँकरने येतं, तिथे रोज पन्नास लिटर पाणी टाकीत ओतायला सांगणं कुणाच्या तोंडून शोभत नाही. यावर उपाय आहेत. गोठ्याच्या फरशीला थोडा उतार देऊन गोमूत्र एका खड्ड्यात उतरवलं तर पाण्याचा मोठा वाटा वाचतो. बाहेर पडलेली स्लरी थोडी निवळू देऊन वरचं पाणी परत कुंडात घेता येतं. जवळजवळ घट्ट शेणावर चालणारी सुधारित रचनाही देशात तयार झालेली आहे. फॉर्मवर मात्र ‘टाकीचा आकार’ एवढाच रकाना असतो. घरात उन्हाळ्यात पाणी किती असतं, हा प्रश्न त्या कागदावर असायला काय हरकत आहे?

थोडं मागचंही सांगते, कारण आजची दुखणी त्यातूनच आलेली आहेत. मुंबईत माटुंग्याच्या कुष्ठरोग्यांच्या आश्रमात मैल्याच्या गॅसवर दिवे लावायचा प्रयोग एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस झाला होता. पुढे जशभाई पटेल यांनी तरंगत्या ड्रमची रचना बसवली आणि खादी ग्रामोद्योग आयोगाने १९६२पासून ती देशभर नेली. ड्रम लोखंडाचा. शेणात आणि सल्फाइडमध्ये बुडालेलं लोखंड दर वर्षी रंग मागतं, आणि तो रंग कुणी देत नाही. मग १९८४ साली ‘ॲफप्रो’ या संस्थेने दीनबंधू नावाचा विटांचा घुमट काढला. गंजायला काही नाही, खर्चही कमी, पण गवंडी पक्का हवा. गिलाव्यात केसाएवढी चीर राहिली तरी गॅस निघून जातो. आता प्लास्टिकच्या पिशवीसारख्या तयार टाक्या आल्या आहेत, त्यांना उंदीर आणि ऊन यांपासून जपावं लागतं. कुठलीही रचना घेतली तरी ती बांधल्यावर तिच्याकडे कुणीतरी परत यावं लागतं. दुखणं तिथे आहे.

या बाबतीत नेपाळने आपल्याला मागे टाकलं. १९९२ साली तिथे बायोगॅसचा कार्यक्रम सुरू झाला. सगळ्यांना एकच रचना ठरवून दिली, बांधणाऱ्या कंपनीने काही वर्षांची हमी द्यायची, वर्षाला येऊन टाकी तपासायची, आणि कार्यक्रमाची माणसं मधूनच निवडक टाक्यांवर जाऊन मापं घ्यायची. काम निकृष्ट निघालं तर दंड कंपनीला. त्या गरीब, डोंगराळ देशात दोन लाखांवर टाक्या उभ्या राहिल्या आणि बहुतेक चालल्या. उलट चीनकडे बघा. तिथे घरगुती टाक्यांची संख्या चार कोटींवर गेली होती. पुढे तरुण माणसं शहरात गेली, घरची डुकरं मोठ्या फार्मवर गेली, आणि त्यांतल्या कितीतरी टाक्या ओस पडल्या. आपला जिल्हा यांपैकी कुठल्या वाटेने जाईल, हे आपल्या कार्यालयात ठरणार आहे.

आमच्याकडे जनावरंही कमी होत चालली आहेत. २०१९च्या विसाव्या पशुगणनेत महाराष्ट्राचा गोवंश २०१२च्या मानाने साधारण दहा टक्क्यांनी घटला. पेरणी ट्रॅक्टरने, मळणी यंत्राने, मग बैलजोडी कशाला पोसायची, असा साधा हिशेब आहे. त्यात भावाभावांत वाटण्या झाल्या की चार जनावरं दोन गोठ्यांत जातात आणि टाकी एकाच्या वाट्याला येते. ज्याच्याकडे टाकी त्याच्याकडे शेण नाही, ज्याच्याकडे शेण त्याच्याकडे टाकी नाही. अशा घरी एक घनमीटरची लहान टाकी चालते, तिला पंचवीस किलो शेण पुरतं. मोठ्या टाकीला मोठं अनुदान म्हणून दोन गाईंच्या घरी चार घनमीटरचा खड्डा खणू देऊ नका. अर्धपोटी टाकी कधीच नीट चालत नाही.

आता स्लरीबद्दल. माझ्या मते सगळी योजना इथे उलटी धरली गेली आहे. आपण गॅस द्यायला निघालो आणि स्लरी उरली, असं मानलं जातं. शेतकऱ्याच्या घरी ते उलट असायला हवं. गॅस हा वरचा नफा, खरा माल खालून निघतो. रोज शंभर किलोच्या आसपास शेणकाला आत गेला की जवळजवळ तेवढीच स्लरी बाहेर येते. वर्षाचे तीस-पस्तीस टन पातळ खत. तणाचं बी बरंचसं मेलेलं, वास गेलेला, पिकाला लगेच लागू पडणारं. उकिरड्यावर वर्षभर उन्हापावसात पडलेल्या शेणातलं निम्मं सत्त्व हवेत आणि वाहत्या पाण्यात जातं, हे आमच्या सासऱ्यांच्या पिढीलाही माहीत होतं. शेजारच्या पुसदचे नारायण देवराव पांढरीपांडे, म्हणजे नाडेपकाका, यांनी दहा फूट लांब, सहा फूट रुंद आणि तीन फूट उंच विटांचं टाकं घेऊन आयुष्यभर हीच गोष्ट सांगितली. त्यांच्या टाक्याचं नाव देशभर झालं. पुसदपासून वाशिम काही फार लांब नाही, तरी आपल्याकडच्या किती बांधांवर ती टाकी भरलेली दिसतात?

इथे एक अडचण आहे, ती मी लपवत नाही. त्या वर्षभराच्या स्लरीतलं नत्र कागदावर मोजलं तर दोन पोती युरियाच्या आसपास भरतं. आणि ४५ किलोचं युरियाचं पोतं शेतकऱ्याला २६६ रुपये ५० पैशांना मिळतं. पाचशे-साडेपाचशे रुपयांच्या नत्रासाठी रोज सकाळी शेणात हात कोण घालेल? म्हणून स्लरीची जाहिरात ‘युरिया वाचवा’ अशी करू नका, शेतकरी हिशेबात पक्का असतो, तो हसेल. स्लरीचं मोल काळ्या जमिनीच्या सेंद्रिय कर्बात आहे. सोयाबीनवर सोयाबीन, मग हरभरा, पुन्हा सोयाबीन, असं वर्षानुवर्षं करून आमच्या जमिनी कडक झाल्या. पाऊस ओढ देतो तेव्हा भेगा लवकर पडतात, आणि पाऊस एकदम पडतो तेव्हा पाणी मुरत नाही. शेणखत पडलेल्या आणि न पडलेल्या वावरातला फरक ऑगस्टच्या उघडिपीत बांधावरून दिसतो. हा फरक प्रत्येक गावात एका शेतात दाखवा, एवढंच पुरे आहे.

स्लरी वाहून नेणं हेही एक काम आहे. पातळ असते, शेत दोन-तीन किलोमीटरवर, डोक्यावर नेता येत नाही. खड्ड्यात कुटार, पालापाचोळा, हरभऱ्याचा भुसा टाकून ती मुरवली की दोन महिन्यांत घमेल्यात भरता येईल असं खत होतं. नाहीतर ट्रॅक्टरला जोडायची टाकी लागते, आणि ती गावात एक असली तरी चालते. गुजरातेत आणंदजवळच्या झकरियापुरा गावात राष्ट्रीय दुग्धविकास मंडळाच्या मदतीने बायकांनी स्लरीची सहकारी संस्था काढली. घरची गरज भागवून उरलेली स्लरी संस्था विकत घेते, त्यातून सेंद्रिय खत तयार होतं. दूध जसं संस्थेला घालतात तशी बायका तिथे स्लरी घालतात. आपल्याकडे महिला बचत गटांचं जाळं आहे. वाशिम जिल्ह्यात एक तरी गाव या पद्धतीने उभं करून बघायला जिल्हा परिषदेचं काय जाणार आहे? मोठ्या बायोगॅस प्रकल्पांच्या सेंद्रिय खताला केंद्र सरकार २०२३पासून टनामागे १,५०० रुपये विपणन सहाय्य देतं. आमच्या घरच्या खड्ड्यातली स्लरी त्या हिशेबात बसत नाही, कारण ती विकलीच जात नाही. ती मोजून विकली जाण्याची सोय आधी व्हायला हवी.

ज्यांच्याकडे जनावरंच नाहीत त्यांना हा सगळा विषय परका वाटेल, पण तसं असू नये. पुण्याच्या ‘आरती’ संस्थेच्या डॉ. आनंद कर्वे यांनी दाखवून दिलं की शेणापेक्षा पीठ, शिळं अन्न, सडकी फळं यांतून गॅस कितीतरी लवकर आणि जास्त निघतो. शेण हे जनावराने एकदा पचवून टाकलेलं अन्न असतं, त्यात जंतूंना खायला थोडंच उरतं. त्यांच्या घरगुती टाकीला २००६ साली ॲशडेन पुरस्कार मिळाला. देहूला डॉ. सुहास मापुसकर यांनी संडासाला गॅसटाकी जोडून मैल्याचाही उपयोग करून दाखवला. कोकणात अप्पासाहेब पटवर्धनांनी त्याच्याही आधी भंगीमुक्तीच्या ध्येयातून तो विचार मांडला होता. आपल्या जिल्ह्यात आश्रमशाळा आहेत, वसतिगृहं आहेत, गोरक्षणं आहेत. दोनशे मुलांचं अन्न जिथे रोज शिजतं तिथे उष्टंखरकटंही रोज निघतं आणि चूलही रोज पेटते. शेण गोळा करायला गावभर फिरावं लागत नाही. पोहरादेवीला रामनवमीच्या यात्रेत लाखो भाविक येतात, त्या महाप्रसादाचं उरलंसुरलं कुठे जातं हा प्रश्न मला दर वर्षी पडतो. स्वच्छ भारत मिशनच्या दुसऱ्या टप्प्यात प्रत्येक जिल्ह्याला गोबरधन योजनेसाठी ५० लाखांपर्यंतची तरतूद ठेवलेली होती. असे पैसे पुन्हा येतील तेव्हा ते गावाच्या मध्यभागी, कुणाचंच नसलेल्या जागेवर, कुणीच शेण न आणणाऱ्या सामूहिक टाकीवर घालू नका. जिथे कचरा, चूल आणि पगारी माणूस एकाच आवारात आहेत तिथे घाला.

आता दुसरा विषय, जो लवकरच आपल्या टेबलावर येईल. बायोमास.

केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाने औष्णिक वीजकेंद्रांना कोळशात शेतातल्या काडीकचऱ्याच्या गोळ्या, म्हणजे पेलेट, मिसळायला सांगितलं आहे. २०२४-२५पासून पाच टक्के. शेजारच्या अकोला जिल्ह्यात पारसचं केंद्र आहे, २५० मेगावॅटचे दोन संच. पूर्ण भाराने चाललं तर त्याला दिवसाला आठ हजार टनांच्या आसपास कोळसा लागेल. त्याचे पाच टक्के म्हणजे रोज चारशे टन पेलेट. मोकळं सोयाबीनचं कुटार ट्रॉलीत साधारण टनभर मावतं, म्हणजे चारशे ट्रॉल्या, रोज. ही मागणी उद्या जिल्ह्याच्या वेशीवर उभी राहिली की व्यापारी आधी कुटारावरच हात टाकेल, कारण ते मळणीनंतर शेताच्या कोपऱ्यात एका जागी पडलेलं असतं आणि उचलायला सोपं असतं. सोबत सीबीजीवाले, म्हणजे संपीडित बायोगॅस बनवणारे, येतील. शहरी गॅसच्या कंपन्यांना २०२५-२६पासून एक टक्का संपीडित बायोगॅस मिसळणं बंधनकारक झालं आहे आणि २०२८-२९पर्यंत ते पाच टक्क्यांवर जाणार आहे. काडीकचऱ्याला भाव येतो आहे, यात मला आनंदच आहे. मळणीनंतर कुटाराची गंजी पेटवून देणारे आमच्यातही आहेत, आणि त्याचा धूर मला आवडत नाही.

पण सगळा काडीकचरा सारखा नसतो, आणि हे मुंबई-दिल्लीला ठरवता येत नाही. सोयाबीनचं आणि हरभऱ्याचं कुटार जनावरं खातात. तुरीचं कुटार तर दुभत्या गाईला ढेपेबरोबर हमखास चालतं. उन्हाळ्यात चारा महागतो तेव्हा हेच कुटार गोठा जगवतं. तेच स्लरी मुरवायला लागतं, तेच आच्छादन म्हणून वावरात पडलं तर ओल धरून ठेवतं. ते वीजकेंद्रात गेलं तर जनावर विकावं लागतं, आणि जनावर गेलं की आपण अनुदान देऊन बांधलेली गोबरगॅसची टाकीही गेली. एका योजनेने दुसरीच्या तोंडचा घास काढावा, असं होईल.

पऱ्हाटीचं वेगळं आहे. कापसाच्या काड्या जनावर खात नाही, गॅसच्या टाकीत त्या कुजत नाहीत, आणि हंगामानंतर शेतात उभ्या राहिल्या तर गुलाबी बोंडअळीला पुढच्या वर्षापर्यंत आसरा मिळतो. २०१७ साली विदर्भात या अळीने काय केलं ते कारंजा आणि मानोऱ्याच्या कापूसवाल्यांना विचारा. फरदड घेऊ नका, पऱ्हाट्या वेळेवर काढा, असं कृषी विभाग दर वर्षी सांगतो. पण उपटायला मजूर नाही, म्हणून लोक बांधाला ढीग लावतात किंवा पेटवतात. या पऱ्हाट्यांचे तुकडे जागेवर करून, दाबून गोळ्या बनवणं यात शेतकऱ्याचं, वीजकेंद्राचं आणि जमिनीचंही भलं आहे. ‘सिरकॉट’ या कापूस संशोधन संस्थेच्या नागपूरच्या केंद्रात या पऱ्हाटीवर बरीच वर्षं काम झालं आहे. अवजार बँकेतून तुकडे करणारं यंत्र द्या, शेतकरी उत्पादक कंपन्यांना पेलेटची मशिनरी द्या, वजनकाटा ग्रामपंचायतीच्या आवारात ठेवा. मोकळी पऱ्हाटी लांबवर नेणं परवडत नाही, भाड्यातच पैसे जातात. मोठ्या कंपनीने तालुक्याच्या गावी गोदाम टाकून दलालामार्फत माल उचलला तर शेतकऱ्याला काडीचीही किंमत मिळणार नाही.

तरीही पऱ्हाटीतही एक वाटेकरी आहे, तिचं नाव कुठल्याच अहवालात येत नाही. भूमिहीन बाई. हंगाम संपला की ती शेतकऱ्याच्या परवानगीने पऱ्हाट्या, तुराट्या वेचून वर्षाचं सरपण घरी नेते. उज्ज्वलाचं सिलिंडर तिच्या घरात असेल, पण ते सणावाराला. ज्या दिवशी पऱ्हाटीला क्विंटलमागे भाव लागेल त्या दिवशी तिला मिळणारी परवानगी संपेल. म्हणून ग्रामसभेने ठराव करावा की गावच्या पऱ्हाटीतला ठरावीक हिस्सा भूमिहीन घरांसाठी राखला जाईल. मला हे अवघड वाटत नाही. गायरानाचे, तलावाच्या गाळाचे नियम गावं करतात, हेही करतील. जिल्हा परिषदेने नमुना ठराव तेवढा करून पाठवावा.

विदर्भात बायोमासवर चालणारी वीजकेंद्रं याआधीही उभी राहिली आणि त्यांतली काही बंद पडली. तूस आणि काडीकचरा स्वस्त आहे असं धरून गणित मांडलं, केंद्र सुरू झालं, मागणीमुळे भाव चढला आणि गणित बिघडलं. इंधन फुकट आहे असं मानणारा कुठलाही प्रस्ताव आपल्यापुढे आला तर त्याला एवढाच प्रश्न विचारा: तिसऱ्या वर्षी कुटाराचा भाव काय धरला आहे?

आपला जिल्हा २०१८पासून आकांक्षित जिल्हा आहे. दर महिन्याला आरोग्याचे, शिक्षणाचे, शेतीचे आकडे भरून पाठवायची सवय आपल्या कार्यालयाला आहे. त्या सवयीत आणखी एक रकाना बसवा, चालू असलेल्या गोबरगॅस चुलींचा. बांधलेल्यांचा नको. बांधणाऱ्या गवंड्याचे किंवा कंपनीचे काही पैसे वर्षभर राखून ठेवा आणि दुसऱ्या हिवाळ्यात चूल पेटलेली दिसली तरच द्या. केंद्राचे नियम आड येत असतील तर जिल्हा परिषदेच्या स्वतःच्या सेस फंडातून हा हप्ता द्या, रक्कम फार मोठी होणार नाही. आणि प्रत्येक तालुक्यात दोन माणसं, शक्यतो दोन बाया, दुरुस्तीसाठी तयार करा. भेटीमागे पैसे मिळाले तर त्या आनंदाने फिरतील. नवीन टाकीच्या खर्चाच्या लहानशा वाट्यात एक जुनी टाकी परत चालू होते, कारण खड्डा खणलेला असतो, कुंड बांधलेलं असतं, आणि बहुतेक वेळा बिघाड नळीत, व्हॉल्व्हमध्ये नाहीतर सायीत असतो.

पाहणीला माणूस पाठवाल तेव्हा मे महिन्यात पाठवू नका. पाणी असेल तर उन्हाळ्यात सगळ्याच टाक्या बऱ्या चालतात. डिसेंबर-जानेवारीत, थंडीने टाकीतले जंतू मंदावलेले असतात तेव्हा, सकाळी सात-साडेसातला पाठवा. त्याने घरधन्याची सही नंतर घ्यावी, आधी घरच्या बाईला शेगडी पेटवून दाखवायला सांगावं. सोबत पान्हा, हातभर नळी आणि एक-दोन जादा व्हॉल्व्ह असू द्यावेत. यादी करता करता बऱ्याच टाक्या जागच्या जागी दुरुस्त होतील.

आपली,
एक शेतकरीण,
ता. मालेगाव, जि. वाशिम